माय म्हणजे नाही



बँकॉकहून परत आल्यापासून बस्तीत, भिशीत, लग्नात, जिथे जाईन तिथे एकच प्रश्न. "तिथं खाल्लंस काय गं?" काय पाहिलंस हे फारसं कुणी विचारत नाही. आपल्या बायकांचा प्रवास पोटापासून सुरू होतो आणि पोटापाशीच संपतो, त्यात चूक काही नाही. मी सगळ्यांना एकच उत्तर देते, "फळं, आणि घरून नेलेले खाखरे." उत्तर खोटं नाही, पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं सांगायचा धीर होत नव्हता. आज लिहून टाकते.

माझा मुलगा नोकरीनिमित्त चार वर्षं तिकडे आहे. सून आपल्यातलीच, बेळगावकडची. नात आठ वर्षांची. तीन वेळा त्यांनी तिकिटं काढतो म्हटलं आणि तिन्ही वेळा मी काहीतरी कारण काढलं. एकदा गुडघे, एकदा चातुर्मास, एकदा नणंदेच्या घरचं कार्य. खरं कारण एकच, तिथे खायचं काय? जिथे रस्त्यावर उभं राहिलं तरी मासळीचा वास येतो असं ऐकलेलं, तिथे कंदमूळ न खाणाऱ्या आणि दिवस मावळला की ताटाला हात न लावणाऱ्या बाईने जायचं कशाला?

2023 च्या ऑक्टोबरमध्ये मात्र ह्यांनी सरळ सांगितलं, "तू येत नसशील तर मी एकटा जातो. नातीची शाळेची सुट्टी वर्षातून दोनदाच असते." मग मी तयारीला लागले. नुकतंच दशलक्षण पर्व संपलं होतं. क्षमावाणीला सगळ्यांना फोन केले, तसा सुनेलाही केला. "माझ्याकडून काही चुकलं असेल तर क्षमा कर गं." ती म्हणाली, "आई, तुम्ही या फक्त." फोन ठेवला आणि मी यादीला बसले. बी.कॉम. झालेली बाई यादी करते ती वजनासकट. खाखरे दोन किलो, मुगाची डाळ दीड किलो, तांदूळ, मेतकूट, चुरमुरे, राजगिऱ्याच्या वड्या, घरच्या तुपातले बेसनाचे लाडू, छोटा कुकर, एक कढई, गाळणं. एकूण अकरा किलो. विमानतळावर सुनेने बॅग उचलली आणि हसली. "आई, इथे फाहुरातला सगळं मिळतं हो, तूरडाळसुद्धा."

पहिले तीन दिवस छान गेले. त्यांच्या भाषेची मला फार गंमत वाटली. तिथली कुठलीही बाई अदबीने बोलली की वाक्याच्या शेवटी "खा" म्हणते. आपण "हो जी" म्हणतो ना, तसं ते. दुकानात खा, लिफ्टमध्ये खा, बँकेत खा. मी हसून नातीला म्हटलं, "अगं, इथे सगळे मला खा खा करताहेत आणि मीच तेवढी काही खात नाही." ती म्हणाली, "आजी, अजून ऐक. खाय म्हणजे अंडं. आणि माय म्हणजे नाही." मला तो शब्द फार आवडला. माय म्हणजे नाही! तीन आठवड्यांत मी सर्वांत जास्त वापरलेला थाई शब्द हाच.

सुनेने मला ओर तोर कोर नावाच्या बाजारात नेलं. चातुचाक म्हणून शनिवार-रविवारचा तिथला प्रसिद्ध अवाढव्य बाजार आहे, त्याच्या समोरच हा. मैत्रिणींनो, भाजीबाजार इतका स्वच्छ असू शकतो हे मला खरं वाटेना. फरशी कोरडी, फळं पुसून ओळीत लावलेली. आपल्या नारळाएवढी पपनसं, घंटेसारखे लाल जांब, ड्रॅगन फ्रूट, आणि तो काटेरी दुरियन, ज्याचा वास इतका उग्र की बऱ्याच हॉटेलांत तो आणायलाच बंदी. तेव्हा एका बाटचे आपले साधारण सव्वादोन रुपये होत होते, त्यामुळे प्रत्येक भावाला सव्वादोनने गुणत मी फिरत होते. कापलेलं काही घेतलं नाही. अख्खी फळं आणली, घरी धुऊन माझ्या सुरीने चिरली. सूर्य तिथे सहाच्या सुमारास मावळतो. साडेपाचला आमची दोघांची खिचडी तयार असायची. सगळं माझ्या हिशोबात चाललं होतं.

चौथ्या दिवशी ते घडलं.

त्यांच्या इमारतीमागच्या गल्लीत एक बाई गाडीवर कच्च्या पपईची कोशिंबीर करून देते. सोम ताम म्हणतात तिला. उंच खलात मिरची, शेंगदाणे, ताडाचा गूळ, लिंबू घालून कुटायचं आणि मग पपईचा कीस. एरवी त्यात लसूण आणि सुकी कोळंबीही पडते. सुनेने त्या बाईला सगळं समजावून सांगितलं. लसूण नको, कोळंबी नको. "मंगसविरत," असंही म्हणाली. मला तो शब्द ऐकून बरं वाटलं, कारण तो आपलाच आहे, मांस आणि विरती. खल धुऊन घेतला, माझ्या डोळ्यांदेखत केलं. मी दोन चमचे खाल्ले. आंबट, गोड, तिखट, काय चव होती! आणि नात सहज म्हणाली, "आजी, त्या बाटलीवर मासा आहे."

बाटलीवर खरंच मासा होता. नाम प्ला. नाम म्हणजे पाणी आणि प्ला म्हणजे मासा. लहान मासे मिठात महिनोन्महिने मुरवून काढलेलं पाणी. आपण मीठ घालतो तितक्या सहज ते तिथे घालतात. त्या बाईच्या मनात काही खोट नव्हती. तिच्या लेखी मासा म्हणजे तळलेला मासा. मिठाच्या पाण्याला कोण मासा म्हणेल?

पण हे आज लिहिते आहे. त्या क्षणी मला काहीच कळेनासं झालं. गल्लीतच चूळ भरली, घरी येऊन डोक्यावरून आंघोळ केली, णमोकाराची माळ घेऊन बसले. चौसष्ट वर्षं जपलेलं दोन चमच्यांत गेलं असं वाटत होतं. सून दारात उभी होती, डोळे भरलेले. मी तिच्याकडे न बघता म्हणाले, "तुझ्या भरवशावर खाल्लं मी."

एवढंच बोलले. आवाजही चढवला नाही. पण सासू झालेल्या आणि सून असलेल्या प्रत्येकीला कळेल की ते वाक्य कुठे जाऊन लागतं.

दोन दिवस उपवास केला. मनाशी प्रायश्चित्त घेतलं. ते माझं माझ्यापुरतं होतं, तिथवर ठीक. पण तिसऱ्या दिवशी पारण्याला सुनेने मुगाचं पातळ वरण आणि भात केला, तर मी म्हटलं, "राहू दे, मी माझं करते." आणि माझा कुकर, माझी कढई घेऊन ओट्याच्या एका कोपऱ्यात माझा वेगळा संसार मांडला. तिच्या घरात अंडं येत नव्हतं, मासळी येत नव्हती. कांदा ती खाते, पण आम्ही जाणार म्हणून महिनाभर तोही आणला नव्हता. हे सगळं मला माहीत होतं. तरी मी माझं वेगळं केलं. ह्यांनी एकदा म्हटलं, "जरा जास्त होतंय." मी म्हटलं, "नियम माझा आहे." ह्यांनी पुढे काही म्हटलं नाही, पण त्या दिवसापासून ते तिच्या हातचं जेवू लागले आणि मी एकटी कोपऱ्यात.

बाहेर फिरणं चालूच होतं. रागावलेल्या घरातसुद्धा पाहुण्यांना फिरवावं लागतं. चाओ फ्राया नदीतून बोटीने आम्ही वात पो या मंदिरात गेलो. तिथे पहुडलेल्या बुद्धाची सोनेरी मूर्ती आहे, 46 मीटर लांब आणि 15 मीटर उंच. एका नजरेत मावतच नाही, खांबांच्या फटींतून तुकड्यातुकड्याने पाहावी लागते. तळपायांवर शिंपल्याचं जडावकाम करून 108 शुभचिन्हं कोरली आहेत. आणि मागच्या भिंतीशी ओळीने 108 कांस्यपात्रं. सुटी नाणी विकत घ्यायची आणि एकेका पात्रात एकेक टाकत जायचं. आपल्या माळेचे मणीही 108 आणि हीही 108. मी पुढे, सून मागे. टण, टण आवाज होत होता. मी प्रत्येक नाण्याला मनात णमोकार म्हणत होते. शेवटच्या पात्रापर्यंत आम्ही दोघी एक शब्द बोललो नाही. 108 पात्रांची ओळ केवढी लांब असते, ते मला त्या दिवशी कळलं.

याच दिवसांत शहरात जागोजागी पिवळे झेंडे लागू लागले. दुकानांवर, गाड्यांवर, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या पाकिटांवरसुद्धा. पिवळ्यावर लाल अक्षरं, इंग्रजी सतराच्या आकड्यासारखी दिसणारी. मी लक्ष दिलं नाही. सुनेने दिलं. तिने इमारतीच्या स्वागतकक्षातल्या बाईंना विचारलं, आणि त्या बाईंनी तिला एका वाक्यात गुरुकिल्ली दिली. सासूबाईंसाठी मंगसविरत म्हणू नका, जे म्हणा.

ते लाल अक्षर म्हणजे "जे". चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस तिथले चिनी वंशाचे लोक, आणि आता इतरही पुष्कळ थाई लोक, हे व्रत पाळतात. त्या वर्षी 15 ते 23 ऑक्टोबर, म्हणजे नेमकं आपलं नवरात्र. नऊ सम्राट-देवतांचा उत्सव असं त्याला म्हणतात. फुकेत बेटावर याचं मोठं प्रस्थ आहे. दोनशे वर्षांपूर्वी तिथे आलेली एक चिनी नाटकमंडळी तापाने आजारी पडली, त्यांनी हे व्रत केलं आणि बरी झाली, अशी कथा सांगतात. तिकडच्या मिरवणुकीत लोक गालांतून सळ्या आरपार घालतात म्हणे. ते ऐकूनच मी कानावर हात ठेवले. पण व्रताचे नियम ऐकले आणि मी सरळ होऊन बसले.

मांस नाही, मासा नाही, अंडं नाही, नाम प्ला तर नाहीच. दूध-तूपसुद्धा नाही. दारू नाही. आणि मैत्रिणींनो, कांदा नाही, लसूण नाही, पातीचा कांदा नाही! पांढरे कपडे घालायचे, भांडी वेगळी ठेवायची, मन आणि वाणी शुद्ध ठेवायची. कारण मात्र आपल्याहून वेगळं. त्यांचं म्हणणं, उग्र वासाच्या भाज्या शरीर आणि मन बिघडवतात. आपण कंदमूळ सोडतो ते त्यातल्या अनंतकाय जीवांसाठी. म्हणून त्यांना अळकुड्यांसारखे कंद चालतात, मुळा चालतो, अळंबी चालते. आपल्याला नाही. आपल्याला दूध चालतं, त्यांना नाही. दोन शेजारणींच्या घराची भिंत एक आणि दारं वेगळ्या बाजूंना, तसं ते.

18 तारखेला, त्यांच्या चौथ्या दिवशी, सून म्हणाली, "आई, यावरातला जाऊया का? खाल्लं नाही तरी चालेल. नुसतं बघायला." आठवड्यात तिने स्वतःहून बोललेलं हे पहिलं लांब वाक्य. मी हो म्हटलं. निघताना रिकाम्या हाताने जाऊ नये या सवयीने एका छोट्या स्टीलच्या डब्यात बेसनाचे चार लाडू घेतले.

यावरात म्हणजे बँकॉकची चिनी पेठ. मेट्रोचं स्टेशन वात मांगकॉन, लाल-सोनेरी, आत ड्रॅगनची नक्षी. वर आलो तर सगळा रस्ता पिवळा. एरवी ही पेठ रात्री जागी होते, पण या नऊ दिवसांत दुपारीही गर्दी होती. निम्म्याहून जास्त माणसं पांढऱ्या कपड्यांत. मला क्षणभर आपल्या पंचकल्याणकाच्या मांडवाची आठवण झाली. कढयांमध्ये टोफू तळला जात होता, अंड्याशिवायच्या पिवळ्या शेवया परतल्या जात होत्या. काही ठिकाणी सोयाबीन आणि गव्हाच्या चिकापासून केलेले बदकाच्या, माशाच्या आकाराचे पदार्थही मांडले होते. तिथून मी पुढे सरकले. यशोधर राजाची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. पिठाचा कोंबडा केला, तो मारला, आणि त्या संकल्पापायी राजाला न् त्याच्या आईला जन्मोजन्मी फेरे पडले. नातीला तिथेच उभी राहून ती गोष्ट सांगितली. सूनही ऐकत होती.

पुढे एका गाडीवर काय दिसावं? आप्पेपात्र! अगदी आपलंच, फक्त बिडाचं मोठं आणि खळगे खूप. खनोम ख्रोक म्हणतात त्याला. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध, साखर, मीठ. खालून कुरकुरीत, वरून साईसारखं मऊ. वर कुणी मक्याचे दाणे घालतं, कुणी अळकुडीसारख्या कंदाचे तुकडे. गाडीवर पिवळा झेंडा, आणि मागे माझ्याच वयाची एक बाई, पांढरा सदरा, पांढरी विजार, केस आवळून बांधलेले.

मी थांबले. सुनेने पर्समधून एक कार्ड काढलं. पोस्टकार्डाएवढं, प्लॅस्टिकमध्ये बंद केलेलं, थाई अक्षरांत दहा-बारा ओळी. मी विचारलं, "हे काय?" ती म्हणाली, "खालच्या बाईंकडून लिहून घेतलं. तुम्हाला काय काय चालत नाही ते. कंद, अळंबी, सगळं. लॅमिनेट करून आणलं." कधी केलं म्हटलं, तर म्हणाली, "तुमचा दुसरा उपवास होता त्या दिवशी."

त्या बाईने कार्ड हातात घेतलं. ओळीखाली बोट फिरवत मोठ्याने वाचलं. मग काय केलं असेल? कंदाच्या तुकड्यांचं भांडं उचलून मागच्या स्टुलावर ठेवलं. पात्रातले होते ते आप्पे काढून घेतले, पात्र पुसलं, ते नीट तापेपर्यंत वाट पाहिली आणि फक्त साधं पीठ ओतलं. आमच्यामागे पाच-सहा माणसं उभी होती. कुणी कुरकुरलं नाही, तीही घाईत नव्हती. पळसाच्या द्रोणासारखा केळीच्या पानाचा द्रोण तिने माझ्या हातात दिला. साडेचार वाजले होते. मी खाल्लं. मैत्रिणींनो, आठवड्याभरानंतर मी दुसऱ्या कुणाच्या हातचं खात होते.

मला भरून आलं. आपल्याकडे देण्यासारखं काय आहे? मी पिशवीतून डबा काढला, झाकण उघडून तिच्यापुढे धरला. "लाडू. घरी केलेले." नातीने थाईत सांगितलं. तिने वाकून वास घेतला, हसली, एक उचलणार, तेवढ्यात थांबली. नातीला काहीतरी विचारलं. त्यात मला एकच शब्द कळला, नोम. नोम म्हणजे दूध. मी अभिमानाने म्हटलं, "सांग तिला, घरच्या गाईच्या तुपातले आहेत."

नातीने सांगितलं आणि तिचा हात मागे गेला.

तो हात मागे जाताना मला अजून दिसतो. चौसष्ट वर्षांत माझ्या हातचं अन्न शुद्धतेच्या कारणावरून कुणी नाकारलेलं नव्हतं. माताजींना आहार देताना ज्या हातांनी घास दिला, त्या हातचा लाडू! तोंडावर चपराक बसावी तसं झालं. कान गरम झाले. मनात आलं, मी मुद्दाम का काही केलं? प्रेमानेच आणला ना? तिला काय माहीत आमच्या घरची स्वच्छता?

आणि हे सगळं मनात येत असतानाच मला कळलं की ही वाक्यं माझी नाहीत. गेला आठवडाभर ओट्याच्या दुसऱ्या टोकाला उभी राहून सून हेच सगळं मनात म्हणत असणार.

त्या बाईने मात्र माझ्यासारखं केलं नाही. तिने आधी दोन्ही हात जोडून मान लववली. "जे, जे," म्हणत गाडीवरच्या झेंड्याकडे बोट दाखवलं. मग माझ्या हातातून डबा घेतला, झाकण घट्ट लावलं, एका पिशवीत घालून गाठ मारली आणि गाडीच्या मागच्या खिळ्याला, कढईपासून लांब, अडकवला. मग बोटं दाखवली. नऊ. त्यांतली चार मिटली. उरलेली पाच एकेक करून मोजली, आणि सहाव्या दिवशी हात तोंडाकडे नेऊन, "लाडू!" असं चक्क म्हणाली. शब्द तिने एकदाच ऐकला होता. नियम तिने केसभरही वाकवला नाही. पण मला रिकाम्या हाताने, खाली मान घालून परतही पाठवलं नाही. वर नातीला दोन आप्पे जास्त दिले आणि पैसे घेतले नाहीत.

मी सुनेकडे पाहिलं. ती वर झेंड्यांकडे बघत होती. मुद्दाम बघत होती.

दशलक्षणाच्या दुसऱ्याच दिवशी आपण उत्तम मार्दव धर्माची पूजा करतो. ज्ञानाचा, कुळाचा, रूपाचा, तपाचा मद नको, असं पंडितजींनी दर वर्षी सांगायचं आणि आपण दर वर्षी मान डोलवायची. तपाचा मद कसा दिसतो हे मला मात्र ओट्यावरचा माझा वेगळा कुकर आठवल्यावर समजलं. उपवास केला तो चुकीसाठी. वेगळा कुकर मांडला तो तिला दाखवण्यासाठी. हिशोबाच्या वहीत मी दोन्ही एकाच खात्यावर टाकलं होतं.

परतताना मेट्रोत बसायला जागा मिळाली. नात मध्ये, आम्ही दोघी दोन बाजूंना. तिच्या डोक्यावरून मी सुनेला म्हटलं, "उद्या सकाळी तू कर काहीतरी. मी बसते." ती म्हणाली, "काय करू?" मी म्हटलं, "तुला येईल ते." थोड्या वेळाने ती म्हणाली, "आई, नाम प्लाचं मला खरंच माहीत नव्हतं." मी म्हटलं, "मला माहीत होतं." तिने चमकून पाहिलं. मी म्हटलं, "तुला माहीत नव्हतं, हे मला माहीत होतं." तेव्हा ती रडली. फोनवर मागितलेली क्षमा आणि ही, यांतली खरी कुठली, हे तुम्हाला सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी तिने वरणफळं केली. मीठ किंचित जास्त होतं. मी दोनदा मागून घेतली.

आता कुणी जाणार असाल तर कामाचं तेवढं सांगते. मंगसविरत हा शब्द आपल्याला पुरत नाही, त्यात अंडं चालतं आणि नाम प्लाही नकळत येतं. "जे" म्हणा आणि पिवळा झेंडा पाहा. उत्सवात तो सगळीकडे दिसतो, एरवी मोजक्या दुकानांवर. पाकिटांवरही तेच लाल अक्षर शोधा. पण जे असलं तरी कंद आणि अळंबी असू शकतात, ते वेगळं विचारा. "माय साय" म्हणजे घालू नका. माय साय नाम प्ला, माय साय खाय. त्याहून बरं म्हणजे तिथल्या कुणाकडून कार्ड लिहून घ्या. उत्सव बहुतेक वर्षी आपल्या नवरात्राच्या दिवसांतच येतो, मात्र अधिक महिन्याच्या फरकाने कधी महिनाभर पुढे-मागे होतो, तारीख पाहून जा. आणि दिवस मावळायच्या आत जेवायचं असेल तर यावरातला दुपारीच पोहोचा.

आम्ही 27 तारखेला निघालो. त्याआधी एकदा जाऊन यावं असं फार मनात होतं, जमलं नाही. नंतर सून एकदा जाऊन आली. उत्सव संपल्यावर ती गाडी तिथे नव्हती. माझा डबा तिकडेच राहिला. झाकणावर माझं नाव कोरलेला, लग्नातल्या सहाच्या जोडातला. घरातला डबा कुणाकडे राहिला तर मी दोन-दोन वर्षं विसरत नाही, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणींना अनुभवाने माहीत आहे. याची मात्र वसुली नाही.

परवा सुनेचा फोन आला होता. पुन्हा कधी येता विचारत होती. मी म्हटलं, येते, या वेळी कुकर आणत नाही. खाखरे मात्र आणेन. तेवढं राहू दे.